दिल्यास: वॉर्डातली गोष्ट आणि आपलं जुनं भांडण

नागपूर

प्रिय दिल्या,

आई बरी आहे, टाके निघाले, काठीनं चालते. पत्र लिहायचं कारण वेगळं. एस्पेरांतोवरून, म्हणजे साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या त्या भाषेवरून, आपण बर्डीवर जेवढे भांडलो (आणि त्या नादात तू माझ्याही प्लेटमधले तर्री-पोहे संपवलेस), तेवढं या गावात कुणी भांडलं नसेल. म्हणून हे तुलाच सांगतो.

दवाखान्यात आईच्या शेजारच्या खाटेवर बस्तरमधल्या नारायणपूरकडची गोंड म्हातारी होती. नातू औषधं आणायला खाली गेला आणि नेमके डॉक्टर राऊंडला आले. "किधर दुखता है?" पोट दाबलं, मान हलली. छाती, पाठ, तरी मान हललीच. डॉक्टर भला माणूस, पण करणार काय? तेवढ्यात समोरच्या खाटेजवळची जगदलपूरची बाई हलबीत बोलली आणि म्हातारी घडाघडा सांगू लागली. दुखत होतं उजव्या कुशीत, तेही जेवल्यावर. मराठी, छत्तीसगढी, ओडिया या सगळ्यांचा वास असलेली बस्तरच्या बाजाराची ती भाषा मलाही निम्मीशिम्मी कळली.

आता तू म्हणशील, बघ बे, बाजारात रुजलेलीच भाषा कामी येते, तुझ्या त्या एस्पेरांतोवाल्या झामेनहॉफची नाही. थांब ना राजा! हलबी शिकलं कोण? म्हातारीच. हिंदी येत नाही म्हणून अडलं कोण? तीच. डॉक्टरांना, मला, काउंटरवरच्या पोराला काहीच शिकावं लागलं नाही. रशियन, पोलिश, जर्मन, यिडिश बोलणारे एकमेकांवर गुरगुरताना बियालिस्तोकमध्ये लहानपणी पाहिले, म्हणून झामेनहॉफनं १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतोचं १६ नियमांचं व्याकरण छापलं. कुणाचीच मायबोली नाही, म्हणजे शिकण्याचे कष्ट दोघांनाही. शब्द सगळे युरोपातले, गोंडाला काय सोपे, हा तुझा मुद्दा मी तेव्हाही मानला होता. पण कष्ट वाटून घ्यायची गोष्ट मी सोडणार नाही.

१७०२ मध्ये हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर. देशाची सामाईक भाषा हिंदी म्हणायची की हिंदुस्तानी, यावरून १९३६ साली गांधीजींसमोर वाद झाला तोही इथेच. आणि याच गावात म्हातारीला कुठे दुखतं ते सांगता येत नाही! जगदलपूरची बाई दर वेळी थोडीच असणार? रात्री झोप येत नाही, दिल्या.

नातवाकडून 'कुठे दुखतं', 'कधीपासून', 'जेवलात का' असे प्रश्न गोंडीत मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलेत. पण नारायणपूरची गोंडी आदिलाबादच्या माणसाला कितपत कळेल? तुझ्या ऑफिसातला तो आदिलाबादकडचा, उटनूरचा पोरगा आहे ना, त्याला ऐकवशील? कळलं नाही तर त्याच्या बोलीत बोलून घे, मी दोन्ही सिस्टरांना देतो. त्या तयार आहेत.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पिंकीला दहावीत किती पडले तेही कळव. रेकॉर्डिंग आजच पाठवतोय, रविवारच्या आत ऐकव.

तुझा,
बाळ्या