आमचं फवारणीचं रजिस्टर वाचवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. तुमचं नाव इथे टाकत नाही, पण एमजी रोडवरच्या त्या छोट्या गाळ्यात ज्यांनी फोन दाखवलाय त्यांना बरोबर कळेल. त्या दिवशी थँक्यू म्हटलं ते घाईघाईत, मागे गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून आता नीट लिहिते.

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग. मिस्टर प्लॉटवरूनच फोनमधल्या ॲपमध्ये फवारणी टाकतात, कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला, आणि मी इकडे म्हसरूळला घरी कॉम्प्युटरवर त्याचं रजिस्टर लावते. एक्स्पोर्टचा माल म्हटल्यावर शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस गेले ते कागदावर दिसावंच लागतं, रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, तपासतात, तिथे "फोनमध्ये आहे हो" चालत नाही. आणि ऐन गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, डाऊनी रोगाच्या फवारण्या चालू असताना सिंक बंद, फोनमधल्या नोंदी कॉम्प्युटरवर येईनात! फोनवर नुसतं गोल फिरतंय आणि कॉम्प्युटरवर जुनीच यादी.

जो तो सांगे ॲप उडवा आणि परत टाका. दीर तर बटण दाबायलाच निघाले होते. तुम्ही फोन हातात घेतल्या घेतल्या म्हणालात, "थांबा, उडवू नका, या नोंदी अजून वर सर्व्हरला गेलेल्याच नाहीत, फक्त या फोनमध्ये आहेत, ॲप गेलं की त्या पण गेल्या." आधी नोंदींची फाईल ॲपमधून बाहेर काढून माझ्या व्हॉट्सॲपला टाकलीत, मगच बाकीचं. खरं तर हे पत्र त्या एका "थांबा"साठीच आहे.

नंतरचं पण लक्षात राहिलंय. ॲप उघडं ठेवून बसलात तर नोंदी भराभर वर गेल्या, म्हणजे फोनची बॅटरी वाचवायची सेटिंगच ॲपला मागच्या मागे बंद करत होती, तिथे त्या ॲपला सूट दिलीत. मग तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमचं अकाउंट उघडलं तर सगळं दिसतंय, आमच्या घरी मात्र नाही. तुम्ही मुलीला फोन लावून घरच्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याचा फोटो मागवलात आणि हसलात, तारीख 2016 ची! वेबसाईटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साईट खरी असल्याच्या दाखल्याला, सुरू व्हायची आणि संपायची तारीख असते, आमचा कॉम्प्युटर 2016 मध्ये बसलाय म्हटल्यावर त्याला ते अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतंय, म्हणून कनेक्शनच घेत नाही. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा तो बटणासारखा सीआर 2032 सेल संपलेला, आणि आम्ही रोज रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करणारे, म्हणून रोज सकाळी तारीख मागे. दोन बिघाड एकाच वेळी, म्हणून एक नीट केला तरी फरक दिसत नव्हता. आणि ॲपवाले तरी बघा, स्क्रीनवर फक्त "सिंक फेल", का ते काही सांगत नाहीत.

पैसे घेतलेत ते फक्त सेलचे. मिस्टर म्हणाले असं कसं, पण तुम्ही ऐकलं नाहीत, तर माल निघाला की एक पेटी दुकानात येणार आहे, तेव्हा नाही म्हणायचं नाही.

आणि जाऊबाईंच्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर येत नाहीयेत, त्यांना मी ॲप उडवू दिलेलं नाही. रविवारी दुकान उघडं असतं का?