शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: आर्किटेक्चरच्या मुलांना जागा अंगाने शिकू द्या

माननीय शिक्षणमंत्री,

सप्रेम नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला डिझाइन शिकवते. माझी मागणी एकच आहे, पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, नृत्याचे, हालचालीचे तास ठेवा आणि त्यांना क्रेडिट द्या. गॅदरिंगच्या डान्सबद्दल नाही बोलत मी.

मुलं स्क्रीनवर झूम करून पॅसेज काढतात, रेघा सुंदर असतात, पण ९० सेंटिमीटर म्हणजे नेमकं किती हे अंगाला माहीतच नसतं. मग आम्ही फरशीवर तेवढ्या अंतराने दोन टेप चिकटवतो आणि दोघांना समोरासमोरून चालत यायला सांगतो. कुणी न सांगता दोघंही खांदा तिरका करतात, एक जण श्वास रोखतो, नजर खाली जाते. १२० केलं की जरा सैल होतात, १५० ला गप्पा मारत जातात. आणि मग त्याच १५० मध्ये व्हीलचेअर पूर्ण वळवून बघायला सांगितलं की वर्गात एकदम शांतता, कारण वळते, पण जेमतेम. हे कुठल्याही स्लाइडने होत नाही हो.

आणि हे काही नवीन खूळ नाही. रुडॉल्फ लाबान आधी पॅरिसमध्ये आर्किटेक्चर शिकले, मग नृत्याकडे वळले, आणि जागेवरून न हलता हातपाय पोचतात तेवढा शरीराभोवतीचा गोल त्यांनीच अभ्यासाचा विषय केला. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत १९२३ पासून ऑस्कर श्लेमर रंगमंचाची कार्यशाळा चालवायचे, त्यांच्या एका नृत्यात नर्तकाच्या अंगाला लांब काठ्या बांधलेल्या असत, म्हणजे कोपर जरा वाकलं तरी अख्ख्या खोलीत रेघ उमटल्यासारखी दिसायची. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात नर्तकी ॲना आणि त्यांचे पती, लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅलप्रिन यांनी नर्तक आणि आर्किटेक्टना एकत्र बसवून, खरं तर एकत्र चालवून, कार्यशाळा घेतली.

काही जण म्हणतात ड्रॉइंगचा वेळ जाईल. मला उलट वाटतं, अंगाला माप कळलं की प्लॅन कमी वेळा खोडावा लागतो. आणि सगळ्यांनी सुरेख नाचायचं असंही नाही, ज्याचा गुडघा दुखतो त्याची जिन्यावरची चाल आम्हाला जास्त शिकवून जाते.

तर आठवड्याला दोन तास, एक रिकामा हॉल, आणि शिकवायला येणाऱ्या नर्तकाला स्टुडिओच्या शिक्षकाइतकंच मानधन, एवढं नव्या सिलॅबसमध्ये लिहून घ्या. आर्किटेक्चरची डिग्री नाही म्हणून त्यांना नुसतं पाहुणं ठेवू नका, ज्युरीत, म्हणजे मुलांचं डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांत, बसून मार्क द्यायचा हक्कही द्या.

आपली,
पहिल्या वर्षाची एक शिक्षिका