गणपती पेठेतल्या किराणावाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण सांगलीत गणपती पेठेत ज्यांचं जाणंयेणं आहे त्यातल्या कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून लिहितेय.

यंदा मी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले आणि आईचं सगळं प्रमाण वाटीत. घरापुरतं करायचं तर कुठलीही वाटी चालते, सगळं एकाच वाटीनं घेतलं की झालं, पण गिऱ्हाईक लाडू किलोत मागतं, किराणा पण किलोत येतो, मग वाटीचा हिशोब लावायचा कसा? तुम्ही ऐन गर्दीत म्हणालात, "वाटीच घेऊन या की ताई, बघूया किती मावतंय तिच्यात."

आधी रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य केलंत आणि पाणी भरून तोललंत. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली, वजन २०० आलं म्हणजे वाटी २०० मिलीची, इतकं सोपं असतं हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! मग वाटी पुसून एकेक जिन्नस सपाट भरून बघितलात, बारीक रवा १४० ग्रॅमच्या आसपास, साखर १७०, पातळ तूप १८०, आणि पिठीसाखर जेमतेम १००-११०, म्हणजे साखर तीच पण दळली की त्याच वाटीत कितीतरी कमी बसते. बेसन तर मुद्दाम दोनदा तोललंत, एकदा सैल भरून आणि एकदा वाटी आपटून आपटून, त्यातला फरक बघितल्यापासून मी पीठ वजनावरच घेते. वर तेलाची पिशवी फिरवून दाखवलीत, १ लिटर आणि शेजारीच ९१० ग्रॅम, रोज हातात असते पण वाचतंय कोण. छोटा ५ मिलीचा चमचा पण झाला, मीठ ६ ग्रॅम आणि हळद ३, भडंगाच्या मसाल्याला हे फार उपयोगी पडलं.

आजीच्या तोंडचं चिपटं-मापटं पण तुमच्यामुळंच कळलं. २ चिपट्यांचं मापटं, २ मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली, आणि ही सगळी भरून मोजायची मापं, म्हणून ज्वारीची पायली नि चुरमुऱ्यांची पायली काट्यावर कधीच सारखी यायची नाही.

तुम्ही यादीच्या कागदामागं लिहून दिलेले आकडे मी लॅमिनेट करून ओट्याच्या वर लावलेत, बहिणीला पुण्याला फोटो पण पाठवला. ५ किलो लाडवाला रवा किती नि साखर किती हे आता ऑर्डर घेतानाच सांगता येतं आणि चव आईच्याच हातची उतरते, याचं मला केवढं वाटतं काय सांगू काका. एक पैसा घेतला नाहीत, मागं रांग होती तरी एकदाही घाई केली नाहीत.

चिवड्याचे पातळ पोहे तेवढे तोलायचे राहिलेत, गर्दी ओसरली की वाटी घेऊन येते, आणि येताना लाडू पण आणते.