मनू, पाण्याविषयीच लिहितोय

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्री

चि. सौ. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रंकाळ्यावर पाणीपुरीच्या गाडीपाशी, ‘ते पाणी पिऊ नकोस’ म्हणून चारचौघांत तुला बोललो, ते चुकलं. डोहाळजेवणाच्या दुसऱ्याच दिवशी, तेही सासरची माणसं बरोबर असताना. आत्यानं घरी येऊन ऐकवलं. तुझी आई अजून भांडी आपटून ऐकवतेय. माफ कर. पाणीपुरीबद्दलचं मत मात्र आहे तेच आहे.

या वेळी पाण्याचा विषय काढायचाच नाही असं ठरवलं होतं. पण आज सुनीलरावांचा फोन आला, तुमच्या बी विंगमध्ये दोघांना कावीळ. ते इतकं सहज बोलले, जणू पाऊसपाणी सांगतायत. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला.

कावीळ ही नुसती खूण, रोग आत वेगळाच असतो. पावसाळ्यात एकाच सोसायटीत दोघं एकदम पिवळे झाले, तर पहिला संशय हिपॅटायटिस ए किंवा ई चा, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंचा. दोन्हींचा रस्ता एकच : रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. ए ची लस मिळते. ई ची लस आपल्याकडे बाजारात नाही. ई चा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे आज जो पिवळा दिसतोय, त्यानं ते पाणी बहुधा महिन्या-सव्वा महिन्यापूर्वी प्यायलंय. उद्या टाकी घासूनपुसून लख्ख केली, तरी पुढं कित्येक आठवडे रुग्ण निघत राहतील. तेव्हा ‘आता सगळं ठीक आहे’ असं सेक्रेटरी म्हणाले म्हणून पाणी उकळायचं पातेलं फडताळात ठेवू नकोस.

इतर माणसं यातून बहुतेक दीड महिन्याच्या आत बरी होतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला, तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. हा आकडा लिहू नका, असं तुझी आई दोनदा म्हणाली. तुला सातवा सरत आलाय. मी लिहिला. रागव माझ्यावर, पण पाणी उकळ.

उकळणं म्हणजे काय तेही सांगतो, कारण तिथंच चुकतं. तळाला बारीक बुडबुडे दिसले की लोक गॅस बंद करतात. ती उकळी नव्हे. सगळं पाणी खळखळून वर-खाली व्हायला पाहिजे. तसं एक मिनिट झालं तरी पुरतं. मी पाच सांगतो, म्हणजे तू निदान दोन करशील. झाकण ठेवून त्याच भांड्यात निवू दे. कालच्या ओल्या माठात ओतलंस की केलेलं सगळं वाया. तोटीचं भांडं घे, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं. वाटी बुडवली की बोटं बुडतात. रोजचं पाणी रोज. दात घासायला, कोशिंबिरीचा टोमॅटो धुवायला, ताक घुसळायलाही तेच. बर्फ नको.

तांब्याच्या हंड्यावर, तुळशीच्या पानांवर, चार पदरी फडक्यावर विसंबू नकोस. फिल्टरची साधी कँडलही नको. तिची छिद्रं फार तर मोठे जंतू अडवतात, पण हा विषाणू त्यांच्याहून कितीतरी लहान, मिलिमीटरच्या तीस हजाराव्या भागाएवढा. तुमचं आर.ओ. चांगलं असेल, पण ते क्लोरीनही काढून टाकतं. मग आतल्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार कोण? शेवटची सर्व्हिस कधी झाली ते सुनीलरावांना विचार. त्यांना आठवणार नाही.

क्लोरीनच्या गोळ्या पाठवतोय, प्रवासासाठी आणि गॅस संपला तर. पाकिटावर लिहिलंय तितक्याच लिटरला एक, आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू दे, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत असंच काहीसं झालं. नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेतून शहराच्या पाणी उपशाच्या जागी शिरलं. क्लोरीन वाढवलं, त्यामुळं टायफॉइड-हगवण वाढली नाही, पण 29,000 लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू निभावला. आणि 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ तर आपल्या दारातलीच आहे.

आता सोसायटीचं. तुझ्या नावामागं एम.टेक. आहे आणि मीटिंगमध्ये तू उभी राहिलीस की लोक ऐकतात (हे मी पेठेत सगळ्यांना सांगत असतो, तुला कधी सांगितलं नाही), म्हणून तुलाच लिहितो. पाणी ठरावीक वेळी येतं, तिथं खरा धोका पाणी नसताना असतो. लाइन रिकामी झाली की आत पोकळी तयार होते, आणि शेजारून गटार जात असेल तर फुटक्या सांध्यातून तेच पाणी आत ओढलं जातं. कुणी लाइनलाच मोटर जोडली असेल तर आणखी जोरात. म्हणून नळ आल्यावर पहिलं पाणी सोडून द्यायचं.

जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर यांत अंतर किती, झाकण जमिनीच्या वर आहे की पावसाचं पाणी त्यावरून वाहतं, हे स्वतः पाहायला जाऊ नकोस, वॉचमनला फोटो काढायला सांग. टाकी उपसून, भिंती घासून, मग हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत. रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी सगळं सोडून द्यायचं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना, क्लोरीन केव्हाच उडालेलं. नंतर नळाच्या पाण्यात क्लोरोस्कोपचे (क्लोरीन तपासायच्या संचातले) थेंब टाकले की लगेच पिवळा रंग दिसला पाहिजे. पाच मिनिटांनी आलेला रंग धरायचा नाही. आणि ते पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं.

बघ, पुन्हा भाषण झालं. आई म्हणते, पोरीला पत्र लिहिताय की गावाला नोटीस.

2005 च्या पुरात आपण आत्याच्या माडीवर होतो, आठवतं? जेमतेम एक शेगडी, त्यावर उकळून निववलेली घागर, आणि तू त्यातल्या पाण्यानं बाहुलीला न्हाऊ घातलंस. मी ओरडलो. तू म्हणालीस, ‘तिच्या पण पोटात जातंय की, आप्पा.’ आठ वर्षांची होतीस. तेव्हा हसलो नाही, आज लिहिताना हसू आलं.

तर एवढंच बघ : अन्न नकोसं होणं, मळमळ, बारीक ताप, लघवी चहासारखी गडद. डोळे पिवळे व्हायची वाट बघू नकोस, त्याच दिवशी तुझ्या डॉक्टरबाईंकडे जायचं. रक्तात बिलीरुबिन (कावीळ किती ते), एस.जी.पी.टी. (यकृताला इजा किती ते), ई ची आय.जी.एम. तपासणी (लागण ताजी आहे का ते), आणि रक्त गोठण्याची पी.टी. दिवसा गुंगी आली, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर बाईंची वेळ बघायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल. अंगदुखीला मनानं गोळी नाही. आणि कुणी काविळीची माळ, नाकात टाकायचं औषध, मनगटावर डाग असलं काही सुचवलं, तर हसून नाही म्हण. उसाचा रस चालतो म्हणतील. त्यातला बर्फ आणि चरकावरच्या माश्या कोण बघतं?

इथं पाऊस लागून राहिलाय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी अजून 39 फुटांच्या इशारा पातळीखाली आहे. आम्ही बरे आहोत. बाळंतपणाला इकडं यायचं की नाही ते तू ठरव, मी बोलणार नाही. बोललो तर आईला फोन दे.

तुझा,
आप्पा

ता.क. पार्सलमध्ये मेतकूट आहे, आणि तोटीचं स्टीलचं भांडंही. तोटीच्या आत बोळा घालून आठवड्यातून एकदा घास, तिथं बुळबुळीत थर धरतो. निळी किटली आईनं तुझ्या हट्टापायी घातलीय. तिचं तोंड अरुंद, आतून घासता येत नाही. ती चहालाच ठेव.