सोमवारी थांबलात तरी चालेल, बाबा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या पायांसाठी चालण्याच्या चाचणीची सोमवारी सकाळची वेळ घेऊन टाकली आहे. तुम्हाला न विचारता घेतली, त्याबद्दल रागवा, पण जायचं नाही असं म्हणू नका. पुण्याला बोलावणार होते, पण परक्या घरी तुम्हाला झोप लागत नाही, म्हणून सोलापुरातच ठरवलं.

मी गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हा नवी पेठेत तुम्ही तीनदा थांबलात. एकदा तर चादरीच्या दुकानापुढे. तीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला चादरीत काय नवल? तुमचा हात पोटरीवर होता. चाललं की कळ येते, दोन मिनिटं उभं राहिलं की जाते. हे वय नाही बाबा. रक्तवाहिनी आतून अरुंद झाली की चालणाऱ्या स्नायूला रक्त पुरत नाही.

झोपवून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला, घोट्याचा भागिले दंडाचा असं गुणोत्तर 0.94 आलं, आणि तुम्ही लगेच "बघ, काही नाही" म्हणालात. 0.90 किंवा त्याखाली आलं की दोष धरतात, हे खरं. पण पडल्या पडल्या पाय काही मागतच नाही. चालवून लगेच दाब घेतला की घोट्याचा उतरतो, तेव्हा खरं कळतं. त्यात तुमची साखर; तिने रक्तवाहिन्या कडक झाल्या की आकडा उगाच चांगला दिसतो.

चालवून बघायच्या चाचण्या दोन. एक साधीच, 30 मीटरच्या सपाट व्हरांड्यात सहा मिनिटं ये-जा. थांबायची मुभा असते, घड्याळ मात्र चालू राहतं. दुसरी ट्रेडमिलवर, ताशी 3.2 किलोमीटर, दर दोन मिनिटांनी चढ थोडा वाढतो. कळ कधी सुरू झाली आणि पाऊल कधी उचलेना, या दोन्ही वेळा लिहून घेतात. म्हणून पाया पडते, दुखायला लागल्याक्षणी सांगा. तुम्ही दात आवळून चाललात तर कागदावर खोटं उतरेल आणि उपचारही त्या खोट्यावरच ठरतील. इथे थांबणं म्हणजे नापास होणं नाही.

गड्ड्यात मला खांद्यावर घेऊन नंदीध्वज दाखवायचात, तेव्हा मी तुमचे केस घट्ट धरायचे. ते खांदे अजून माझे आहेत.

आई, तू ऐक. विडीचं बंडल घरात ठेवू नकोस, लपवूनसुद्धा नाही. रोज रात्री यांचे तळवे उजेडात बघ. गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नको, साखरेमुळे चटका बसलेला कळत नाही. रविवारी रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल दे, सोमवारी सकाळी मात्र हलकंच. गोळ्या नेहमीसारख्याच. जुने, पायात बसलेले बूट काढून ठेव, नवे नकोत. चाचणीनंतर बहुतेक चालायचाच व्यायाम सांगतील: कळ येईपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. तलावाकाठी मीही बरोबर चालेन, जमेल तितके शनिवार-रविवार.

शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येते. स्टेशनवर येऊ नका. आलातच, तर रिक्षाने या.

तुमची,
ताई