सुरुवातीची सिंगल्स घासून गुळगुळीत करू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गॅरेज पंक, म्हणजे हौशी पोरांच्या रांगड्या रॉक बँडच्या सुरुवातीच्या सिंगल्सचं (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांचं) संकलन पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो, ‘गाणी झकास, पण रेकॉर्डिंग फाटकं.’ ते फाटकेपण त्या गाण्यांचाच भाग आहे. खानदेशात जुन्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी आणि तबकड्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेणाऱ्यांनी ही संकलनं कशी होतात हे जरूर समजून घ्यावं. अडचणी अगदी त्याच आहेत.

साठच्या दशकातली ही सिंगल्स म्हणजे ७ इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, बहुतेक मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणाऱ्या) तबकड्या. रेडिओवर आणि नाणं टाकून वाजवायच्या ज्यूकबॉक्समध्ये गाणं उठून दिसावं म्हणून खाच मुद्दाम जोरकस कापलेली. छोट्या कंपन्यांच्या मूळ टेपा पुढे अनेकदा हरवल्या किंवा पुसल्या गेल्या, मग तबकडीवरूनच गाणं उतरवावं लागतं. १९७२ साली अमेरिकन गिटारवादक-लेखक लेनी के यांनी ‘नगेट्स’ या जोड-तबकडीत अशी २७ गाणी एकत्र आणली आणि सोबतच्या मजकुरात ‘पंक रॉक’ हा शब्द वापरला. एरवी ती गाणी विस्मृतीतच गेली असती.

उतरवताना पहिली चूक वेगात होते. अमेरिकेतून आलेला, ६० हर्ट्झवर चालणारा जुना टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर लावला, की ४५ऐवजी ३७.५ फेऱ्या मिळतात. हे लगेच कळतं. खरा धोका दोन टक्क्यांच्या फरकाचा: सूर एक तृतीयांश अर्धस्वराने सरकतो, कानाला खटकतही नाही, आणि तसाच कायमचा राहतो.

मोनो तबकडी स्टिरिओ सुईने वाजवत असाल तर दोन्ही बाजू एकत्र करा, निम्मी खरखर तिथेच मरते. खाचेची एक भिंत झिजली असेल तर चांगली बाजू तेवढी घ्या. ध्वनिपातळी सर्वांत मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा, २४ बिटमध्ये नोंदवा, आणि ती कच्ची फाइल हात न लावता वेगळी जपा. घूं असा आवाज येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थची तार प्रीअँपला (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडली आहे का ते बघा.

आपल्याकडची खास अडचण धुळीची आणि रुईची. जिनिंगच्या हंगामात हवेतले तंतू सुईच्या टोकाला गोळा होतात. गाणं स्वच्छ सुरू होतं आणि शेवटच्या कडव्याला चरचरू लागतं. दर बाजूनंतर सुई मागून पुढे, हलक्या ब्रशने झाडा. तबकडी डिस्टिल्ड पाण्याने पुसा. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. मे महिन्यात ४५ अंशांच्या जळगाव-भुसावळात तबकड्या आडव्या रचून पत्र्याखाली ठेवणं म्हणजे त्यांच्या वाट्या करणं.

कॅसेटीत फोम किंवा नमद्याचा छोटा तुकडा टेपेमागे असतो. तो गळला की आवाजातली चमक येते-जाते. अशी टेप दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या डबीत हलवा. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. टेप वाचणाऱ्या हेडशेजारचा स्क्रू मोनोवर ऐकत, ‘स’ सर्वांत टोकदार लागेपर्यंत, अगदी थोडा फिरवा.

आणि मुख्य मुद्दा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात लावू नका. काठीने केलेला प्रहार आणि तबकडीवरची टकटक यांतला फरक त्याला नीट कळत नाही. पंक बँडचा ड्रम असो की अहिराणी गाण्यातला संबळ, पहिला ठोकाच कापला जातो आणि उरतो तो पाण्याखालचा आवाज. मोठ्या टकटकी एकेक करून हाताने काढा. वेळ लागतो, पण गाणं वाचतं. मोनोला खोटं स्टिरिओ करण्याचा मोहही टाळा. साठच्या दशकात कंपन्यांनी तो प्रकार भरपूर केला आणि गाण्यांचा दम घालवला.

गाण्यांच्या क्रमासाठी ‘बझकॉक्स’ या इंग्लंडच्या पंक बँडचं १९७९चं ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ बघावं: एका बाजूला आठ सिंगल्सची पहिली गाणी कालक्रमाने, दुसऱ्या बाजूला त्यांचीच मागची गाणी त्याच क्रमाने. बँड कसा बदलत गेला हे क्रमच सांगतो. मागच्या बाजूचं गाणं ‘कमी दर्जाचं’ म्हणून गाळू नये. बँड कधी कधी तिथेच जास्त मोकळा वाजवतो.

अहिराणी कॅसेटींचंही तसंच करा. गाजलेलं एकच गाणं उचलू नका, दोन्ही बाजू क्रमाने घ्या. आतल्या कागदावरची गायक, वादक, गीतकारांची नावं फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट भंगारात देऊ नका. आज न निघालेला आवाज उद्या चांगल्या हेडवर निघू शकतो.

आपले,
ध्वनिमुद्रिका संग्राहक, भुसावळ