घोडेस्वारीच्या तबेल्यांची खुली यादी आणि लेखी करार हवेत

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

बदलीच्या नोकरीत गाव बदलले की मुलांच्या शाळेचा प्रवेश, गॅसची जोडणी, घराजवळचा दवाखाना या गोष्टी थोड्याफार धावपळीने मार्गी लागतात आणि पोहण्याचा तलाव किंवा तबल्याचा वर्गही शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून सापडतो. घोडेस्वारी शिकणाऱ्याला मात्र नव्या शहरात कोणता तबेला विश्वासाचा, तिथला दर काय आणि शिकवणारा स्वतः कुठे शिकला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर एका जागी मिळत नाही. मुंबईहून पुण्यात बदलून आल्यावर मी आणि माझी मुलगी याच अडचणीतून गेलो आणि आमच्यासारखी आणखीही कुटुंबे दर उन्हाळ्यात जात असणार, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी अशी की, घोडेस्वारी शिकवणाऱ्या तबेल्यांची खुली यादी क्रीडा खात्याने ठेवावी आणि घोडा भागीत घेण्याचे, म्हणजे खर्चाचा वाटा उचलून दुसऱ्याचा घोडा आठवड्यातले ठरावीक दिवस वापरण्याचे, ज्याला तबेल्यांत ‘पार्ट लीज’ म्हणतात ते व्यवहार, लेखी करारानेच व्हावेत.

मुंबईकर स्वाराला एक सोय अनेक वर्षे अंगवळणी पडलेली असते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या आवारात ॲमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 पासून आहे आणि रेल्वे स्टेशन जवळच असल्याने पहाटेची रपेट आटोपून लोकलने कामाची जागा गाठता येते. (त्या रेसकोर्सची 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाल्यापासून तिथले स्वारही थोडे धास्तावलेले आहेत, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) पुण्यातही रेसकोर्स असल्यामुळे नवागताचा पहिला समज असा होतो की तिथे चौकशी केली की काम झाले. प्रत्यक्षात शर्यतीचे घोडे नवशिक्यांसाठी नसतात. मुंबईचा शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत, त्यामुळे त्यांतले बरेच घोडे, जॉकी आणि मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, यांचे बिऱ्हाड हंगामागणिक घाट चढते आणि उतरते, आणि त्या धामधुमीत शिकाऊ माणसाला जागा नसते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारीचे शिक्षण दिले जाते, पण ते तिथल्या छात्रांसाठी आहे. सामान्य नागरिकाला उरतात ते मुख्यतः खासगी तबेले, आणि जमिनीच्या किमतीमुळे त्यांतले बहुतेक शहराच्या कडेला किंवा हद्दीबाहेर आहेत. तिथे पोहोचायला तास-दीड तास लागतो, म्हणून चुकीच्या तबेल्याची एक फेरीसुद्धा अख्खी सकाळ घेऊन जाते.

सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चाली आणि हालचालींच्या स्पर्धाप्रकारात, सांघिक सुवर्णपदक मिळवले, तेव्हा घोडेस्वारीतले 1982 नंतरचे, म्हणजे 41 वर्षांनंतरचे, सुवर्ण म्हणून वृत्तपत्रांनी त्याचे योग्य ते कौतुक केले. त्या काळात माझ्या ओळखीतल्या अनेक पालकांनी मुलांना घोड्यावर बसवण्याचा विचार केला. पण हे चौघेही त्याआधी युरोपात राहून तिथल्या प्रशिक्षकांकडे शिकत होते, ही बाब त्या कौतुकात थोडी झाकली गेली. आपल्या शहरांत पहिली पायरी कुठे आहे, हे त्या पालकांना तेव्हाही कोणी सांगू शकले नाही आणि आजही सांगू शकत नाही.

तबेला पारखायचा कसा, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक माणसे फाटक, हिरवळ आणि चहाची सोय पाहून निर्णय घेतात. शक्य असेल तर आधी न कळवता भर दुपारी जावे. घोड्यापुढे स्वच्छ पाणी आहे का, हे पहिल्यांदा पाहावे, कारण पूर्ण वाढीच्या घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. मग पाठ पाहावी. खोगिराखाली केस पांढरे पडले असतील किंवा व्रण असतील तर खोगीर त्या घोड्याच्या मापाचे नाही, किंवा घोड्याला विश्रांती मिळत नाही. खूर वाढून पुढे आलेले असतील तर नालबंद वेळेवर येत नाही असे समजावे. ते काम साधारण पाच-सहा आठवड्यांनी व्हायला हवे. मोतद्दार जवळ जाताच घोडा कान मागे पाडून अंग चोरतो की मान पुढे करतो, यावरूनही तिथल्या वागणुकीचा अंदाज येतो, आणि माझ्या मते मालकाच्या बोलण्यापेक्षा तो अधिक खात्रीचा असतो.

यानंतर शिकवण्याची पद्धत पाहावी. चांगला प्रशिक्षक नव्या माणसाला, तो कितीही अनुभव सांगत असला तरी, पहिल्या दिवशी लांब दोरीवर गोलात फिरवतो, रिकिबीतून (खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवण्याच्या कडीतून) पाय काढायला लावतो, दुडकीत बसण्याची ढब पाहतो आणि मगच लगाम हाती देतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसला आहे का आणि बुटाला टाच आहे का, हे तो स्वतः तपासतो, कारण टाच नसलेला बूट रिकिबीतून पुढे सरकून पाय अडकला तर पडलेला माणूस फरफटत जाऊ शकतो. जिथे पैसे घेतले आणि लगेच रानवाटेने रपेटीला नेले, तिथे पुन्हा जाऊ नये. दुसऱ्या बाजूने, स्वारानेही आपली तयारी खरी सांगावी. माथेरान किंवा महाबळेश्वरला घोडेवाल्याने लगाम धरून फिरवून आणले, एवढ्या भांडवलावर ‘मला येते’ म्हणणारे लोक प्रशिक्षकांना नेहमी भेटतात आणि त्यांच्या फुशारकीची किंमत घोड्याचे तोंड व पाठ मोजते.

आपल्याकडच्या तबेल्यांतले पुष्कळ घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे, असतात, हेही नवागताला कोणी सांगत नाही. चार-सहा वर्षांच्या वयात रेसकोर्स सोडलेल्या या घोड्याला लगामावर भार टाकून धावायचे एवढेच ठाऊक असते. शांत चालणे, वळणे, थांबणे, स्वाराच्या पायाचा इशारा ओळखणे हे त्याला नव्याने आणि धीराने शिकवावे लागते, आणि त्याला महिनोनमहिने लागतात. ते झाले नसेल तर घोडा कितीही देखणा असला तरी बारा वर्षांच्या मुलीला त्यावर बसवणे धोक्याचे आहे. वजनाचाही विचार करायला हवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नसावा, असा ढोबळ संकेत सर्वत्र मानला जातो. 450 किलोच्या घोड्याला हा हिशेब 90 किलोंचा पडतो, आणि त्यात खोगीर व इतर साज धरायचा असल्याने धष्टपुष्ट स्वारांनी घोडा निवडताना संकोच न करता आपले वजन सांगितलेले बरे.

आता मुख्य मुद्दा, घोडा भागीत घेण्याचा. स्वतःचा घोडा ठेवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तबेल्याचे भाडे, चंदी-वैरण, मोतद्दाराचा पगार, नालबंद, पशुवैद्य असा खर्च दर महिन्याला असतो, मग तुम्ही स्वारी करा अथवा न करा. दुसरीकडे घोड्याच्या मालकाला नोकरी-धंद्यामुळे आठवड्यातून दोनच दिवस येता येते आणि उरलेले दिवस घोडा ठाणावर उभा राहतो, जे त्याच्या प्रकृतीला चांगले नाही. अशा वेळी दुसऱ्या स्वाराने आठवड्यातले ठरावीक दिवस घ्यावेत आणि त्या प्रमाणात खर्च उचलावा, ही व्यवस्था दोघांच्याही, आणि घोड्याच्याही, हिताची आहे. इंग्लंड-अमेरिकेत ती फार जुनी आहे. आपल्यालाही दुसऱ्याच्या घोड्यावर स्वार होण्याची व्यवस्था परकी नाही. मराठा फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेचा घोडा घेणारा बारगीर असे दोन्ही स्वार असत, आणि बारगिराच्या घोड्याची जबाबदारी कोणाची, याबद्दल संदिग्धता नसे.

आज नेमकी तीच संदिग्धता आहे. व्यवहार तोंडी होतो, पैसे आगाऊ घेतले जातात आणि पहिल्या अडचणीपाशी वाद सुरू होतो. आम्ही पुण्यात प्रथम ज्या तबेल्यात घोडा भागीत घेतला, तिथे आमच्या ठरलेल्या दिवशी तोच घोडा दुसऱ्या कुटुंबालाही दिलेला होता, आणि याबद्दल विचारले असता ‘घोडा एकच आहे, सांभाळून घ्या’ असे उत्तर मिळाले. तो तबेला कोणता हे सांगण्यात मला रस नाही, कारण कागदच नसल्यावर दोष कोणाचा हे ठरवणारे कोणी नसते. यापेक्षाही गंभीर प्रश्न घोड्याच्या आजारपणाचे आहेत. घोडा लंगडायला लागून दोन महिने विश्रांतीवर गेला तर भागीदाराने पैसे द्यायचे की नाही? तो कोणाच्या स्वारीत दुखावला, हे ठरवायचे कसे? मध्यरात्री पोटशूळ उठला तर निर्णय कोणी घ्यायचा? घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ काही तासांत जिवावर बेतू शकतो, आणि मालक परगावी, भागीदार घरी झोपलेला आणि मोतद्दाराला पशुवैद्य बोलावण्याचा अधिकार नाही, अशा स्थितीत घोडा हकनाक जातो. म्हणून करारात स्वारीचे दिवस, उडी मारायची की नाही आणि मारायची तर किती उंचीपर्यंत, खोगीर कोणाचे, नालबंद आणि औषधपाणी यांचा हिस्सा, विम्याची स्थिती, करार मोडण्याची पूर्वसूचना आणि तातडीच्या वेळी निर्णय घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव, एवढे तरी लिहिलेले असावे. दोन पानांत मावणारा हा मजकूर आहे.

कायद्याचे पाठबळ अगदीच नाही असे नव्हे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार आजारी, जखमी किंवा वयाने थकलेल्या जनावराकडून काम करून घेणे गुन्हा आहे. ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 मध्ये केलेल्या नियमांत दिवसाला नऊ तासांची आणि सलग पाच तासांची मर्यादा घातली आहे, तसेच जिथे तापमान 37 अंशांच्या वर जाते तिथे दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावर जुंपू नये असे म्हटले आहे. पण हे नियम टांगे आणि ओझ्याची तट्टे डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. पाठीवर दर तासाला नवा, तोल न सावरणारा, लगामाला लोंबकळणारा शिकाऊ स्वार घेणाऱ्या घोड्याला नऊ तासांची मर्यादा लावणे म्हणजे मर्यादा नसल्यासारखेच आहे. माझ्या मते अशा घोड्याला दिवसातून दोन-तीन तासांपेक्षा अधिक काम नसावे आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी असावी. कोणता घोडा आज किती वेळ फिरला, याची वही प्रत्येक तबेल्यात सर्वांना दिसेल अशी टांगलेली असावी.

शहर बदलणाऱ्यांनी ग्लँडर्सचीही चौकशी करावी. हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो, आणि 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याखाली त्याची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे. रोग निश्चित झाल्यास बाधित घोड्याला मारावे लागते आणि परिसरातल्या घोड्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात. ज्या तबेल्यात घोडे सतत बाहेरून येतात, तिथे रक्ततपासणीचा अलीकडचा अहवाल मागण्यात गैर काही नाही. एका मालकाने तो न कुरकुरता दाखवला आणि आमची मुलगी आज तिथेच शिकते आहे.

तबेलामालकांची बाजूही मला कळते. वैरणीचे आणि हरभऱ्याचे भाव चढे आहेत, जाणते मोतद्दार मिळत नाहीत, पावसाळ्यात रिंगणात चिखल झाला की उत्पन्न थांबते आणि खाणारी तोंडे तेवढीच राहतात. त्यात सरकारी कागदपत्रांची भर कोणाला नको असणार. म्हणून मी परवान्याची मागणी करत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने स्वेच्छा नोंदणीवर आधारित यादी ठेवावी आणि तीत घोड्यांची संख्या, शिकवणाऱ्याचे प्रशिक्षण, ताशी व मासिक दर, पशुवैद्याची व्यवस्था, पावसाळ्यात चालणारे रिंगण आहे की नाही आणि घोडे भागीत दिले जातात का, एवढी माहिती असावी. भागीच्या कराराचा नमुना पशुसंवर्धन विभागाच्या सल्ल्याने मराठीत तयार करून त्याच यादीसोबत ठेवता येईल. बदल्यांचे आदेश बहुधा एप्रिल-मे महिन्यांत निघतात आणि जूनमध्ये शाळा सुरू होतात, तेव्हा यादी दरवर्षी मार्चअखेर अद्ययावत व्हावी. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर तबेलामालक, प्रशिक्षक आणि क्रीडा खाते या तिघांचीही मते मागवून प्रसिद्ध करावीत, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे